तळ शिवणारी हौसा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या राज्याचे नाव आता कुणाला आठवत नाही आणि तिथल्या राजाचेही नाही. राज्य डोंगराळ होते, एवढे मात्र नक्की. जिकडे पाऊल टाकावे तिकडे काळा, धारदार दगड. सकाळी अनवाणी निघालेला माणूस दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर रक्ताळलेले पाय घेऊन बसलेला दिसायचा.

म्हणून त्या राजाने जोड्यांचा एक मोठा कारखाना काढला होता. कारखाना गावाबाहेर, ओढ्याच्या काठी होता. कातडे कमावायचे हौद तिथेच होते. बाभळीची साल, हिरडा, चुना आणि भिजलेले कातडे यांचा मिळून जो वास सुटे, तो वारा फिरला की गावापर्यंत येई आणि लोक खिडक्या लावून घेत. पण त्याच कारखान्यातले जोडे घालून राजाचे शिपाई गड चढत आणि त्याचे जासूद निरोप घेऊन घाट ओलांडत.

कारखान्याचा प्रमुख एक उस्ताद होता. हात मोठे, आवाज मोठा, मन वाईट नव्हे. नवा कुणी शिकायला आला की उस्ताद त्याला पहिल्याच दिवशी सगळा कारखाना हिंडवून दाखवी.

"आधी भिजवण," तो हौदाकडे बोट दाखवून सांगे. "कातडं ओळखायला शीक. मग ठोकण. मोगरीनं ठोकून तळाचं कातडं घट्ट करायचं. मग शिवण, म्हणजे तळ आणि वरचा भाग एकत्र शिवायचा. मग काप. रापी हातात आली की कातड्यातून जोड्याचा आकार काढायचा. आणि सगळ्यात शेवटी माप. गिऱ्हाइकाचा पाय हातात घ्यायचा आणि त्या पायाला कसा जोडा हवा ते ठरवायचं. माप घेणारा जोडा घडवतो, बाकीचे त्याचे हात. इथं दार कुणाला बंद नाही. एक पायरी नीट आली की पुढची."

हे ऐकणाऱ्यांत एकदा एक मुलगी होती. तिचे नाव हौसा. परकर सोडून नुकतीच लुगडे नेसू लागली होती. तिचा बाप घाटात ओझी वाहायचा. रोज संध्याकाळी तो कोमट पाण्यात पाय घालून बसे आणि टाचांच्या भेगांतले खडे काडीने काढी. या पायांना नीट बसेल असा जोडा आपण करावा, असे हौसेला वाटे. तिने उस्तादाचे शब्द मनात पक्के धरले आणि हौदापाशी कामाला लागली.

भिजवण तिला लवकर आली. ठोकणही आली. मग ती शिवणीवर बसली, आणि तिथे जे झाले ते पाहायला लोक येऊन उभे राहू लागले.

तळ शिवायची रीत सगळ्यांना एकच माहीत होती. आरीने भोक पाडायचे, मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोके दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून न्यायची आणि ओढायची. पण हौसेच्या ओढण्यात काही वेगळे होते. ती दोरा झटक्याने ओढत नसे. श्वास सोडत सोडत ओढी, आणि तिचा श्वास संपेपर्यंत दोन कातडी एकमेकांत अशी बसत, की जोड कुठे आहे ते नखाने शोधावे लागे. जासूद नदीतून चालत जात आणि पलीकडे जाऊन जोडा काढून बघत. आत कोरडे असे.

"हात बसला पोरीचा," उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाला. त्या दिवशी हौसेला जेवणाचेही भान राहिले नाही, इतका तिला आनंद झाला होता. आता दसऱ्याला आपल्या हातात रापी येणार!

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा होई आणि त्याच दिवशी उस्ताद कोण कुठल्या कामावर बसणार ते सांगे. त्या वर्षी त्याने गोंदाजीचे नाव घेतले. गोंदाजी हौसेच्या मागून आलेला, हसरा, धांदरट. त्याचा टाका वाकडा जाई, दोरा तुटे, आरी बोटात घुसे.

"तू शिवणीवर नकोसच, बाबा," उस्ताद वैतागून म्हणाला. "किती जोडे वाया घालवशील? उद्यापासून रापी धर."

सगळे हसले. गोंदाजीही हसला. हौसा हसली नाही. पूजा आटोपल्यावर ती उस्तादाजवळ गेली.

"उस्ताद, मला कापायला कधी बसवणार?"

उस्तादाच्या हातात तिनेच शिवलेला जोडा होता. तो त्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "हौसा, असा तळ या राज्यात दुसरं कुणी शिवत नाही. तुला तिथून उठवलं तर तिथं बसवू कुणाला?"

"मी शिकवीन ना कुणाला तरी."

"शिकवत बसलीस तर तुझ्या हातून जोडे कमी निघतील. फौजेची मागणी आली आहे. एवढी होऊ दे. मग बघू."

हौसा परत आपल्या जागेवर जाऊन बसली. खरे सांगायचे तर त्या वर्षी तिला त्या उत्तराचा रागही आला नाही. आपल्यावाचून अडते, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

फौजेची मागणी पुरी झाली. मग राजकन्येचे लग्न निघाले आणि वऱ्हाडाला जोडे हवे होते. मग शेजारच्या राजाशी तह झाला आणि त्याच्या शिपायांनाही हेच जोडे हवे झाले. दर दसऱ्याला हौसा विचारी आणि दर दसऱ्याला उस्ताद म्हणे, "एवढी मागणी होऊ दे."

तो तिला विसरला नव्हता. उलट तिचा मान ठेवायचा. एका दसऱ्याला त्याने तिला शाल दिली. एका दसऱ्याला चांदीच्या मुठीची आरी दिली. आरी दिसायला सुरेख होती, पण हातात जड पडायची आणि घामाने निसटायची. हौसेने ती कपाळाला लावली, कोनाड्यात ठेवली आणि आपली जुनी लाकडी मुठीची आरीच वापरत राहिली.

मधल्या काळात तिचा बाप गेला. त्याच्या पायात कारखान्यातलाच एक साधा जोडा होता. दुसऱ्याच कुणी मापलेला, दुसऱ्याच कुणी कापलेला. अंगठ्याशी तो त्याला नेहमी टोचायचा. तळ तेवढा हौसेने शिवला होता, आणि तो शेवटपर्यंत उसवला नाही.

आणखी वर्षे गेली. वाकून वाकून हौसेच्या मानेशी गाठ आली. दोऱ्याने तर्जनीला खाच पडली, ती कायमची. मेणाने अंगठा फुटे, भरे, पुन्हा फुटे. तिच्या मागून आलेले किती तरी जण कापावर गेले, काही मापावर गेले, काहींनी दुसऱ्या गावी आपले कारखाने काढले. ज्याला शिवण जमत नसे तो पुढे जाई. जिला जमत होती ती तिथेच होती.

गोंदाजी आता माप घेऊ लागला होता. कापण्यात त्याचा हात चांगला निघाला होता. कारखान्याच्या पुढच्या ओसरीत, उजेडात, तो गादीवर बसे. पण मनाने तो सरळ होता. हौसेकडे पाहिले की त्याला अवघडल्यासारखे होई. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो तिच्याजवळ आला.

"अक्का, ऊठ. उस्ताद घरी जेवायला गेलेत. मी तुला काप दाखवतो."

हौसा उठली. गोंदाजीने कातड्याचा एक तुकडा पाटावर पसरला आणि तिच्या हातात रापी दिली. रापीचे पाते रुंद होते. ती कशी धरायची, मनगट कुठे टेकवायचे, वळणावर पाते न फिरवता कातडे कसे फिरवायचे, ते तो सांगू लागला. हौसेने पाते ओढले. रेघ वाकडी गेली. तरी तिच्या चेहऱ्यावर काही तरी उजळले, जे गोंदाजीने आधी कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात उस्ताद परतला. दारातून त्याने पाहिले आणि जवळजवळ धावतच आला. रागावला नाही. घाबरला होता. त्याने हौसेच्या हातातून रापी अलगद काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून विळी काढून घ्यावी तशी.

"अगं, बोट कापलं म्हणजे? तळ कोण शिवणार?"

आणि त्याने तिची बोटे एकेक करून तपासली. कुठे लागले नाही ना, हे पाहिले. सुटकेचा निःश्वास टाकला.

उस्तादाच्या त्या मायेने हौसेच्या मनातले उरलेसुरले बळ गेले. रागावला असता तर ती भांडली असती. त्यानंतर तिने दसऱ्याला विचारणे सोडून दिले. टाका मात्र तिने ढिला पडू दिला नाही, कारण ढिला टाका घालणे तिला येतच नव्हते. पण ती थकली. हा थकवा झोपून जाणारा नव्हता. सकाळी उठली की तो उशाशी बसलेलाच असायचा, आणि तिच्याबरोबर कारखान्यात यायचा.

राजाच्या जासुदांत सिदू नावाचा एक जण होता. काटक, बडबड्या. जोड्याची वादी तुटली, टाच झिजली की तो थेट हौसेकडे येई आणि तिचे काम होईपर्यंत घाटापलीकडच्या गप्पा सांगत बसे. एकदा तो असाच सांगत होता.

"घाटापलीकडं एका खेड्यात लिंबाजी म्हणून एक मेस्त्री आहे, अक्का. तरणा माणूस. त्याची एवढीशी पडवी. चार-दोन पोरंपोरी हाताखाली. त्याचे जोडे काही खास नाहीत हं, उगीच का सांगू? पण त्याची रीत उलटी आहे. तिथं जो माप घेतो तोच कापतो आणि तोच शिवतो. पहिल्या वर्षापासून."

हौसेचा हात थांबला. "बायकांना घेतो?"

"घेतो की."

"आणि म्हाताऱ्यांना?"

सिदू हसायला गेला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि हसणे गिळले.

"विचारून बघितलं नाही, अक्का," तो हळूच म्हणाला.

त्या वर्षी दसऱ्याची पूजा झाल्यावर हौसा उस्तादासमोर उभी राहिली. बऱ्याच वर्षांनी ती अशी उभी राहिली होती, म्हणून उस्ताद आधीच म्हणाला, "या वर्षी देवळाच्या सेवेकऱ्यांची मागणी आहे, हौसा. एवढी होऊ दे."

"मी मागायला नाही आले, उस्ताद. निरोप घ्यायला आले."

उस्तादाला आधी कळलेच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. "काय कमी केलं मी तुला? शाल दिली, आरी दिली. कधी शब्दानं दुखवलं?"

"नाही."

"मग?"

"थकले."

"मग चार दिवस बस घरी."

"बसूनच थकले, उस्ताद," हौसा म्हणाली.

तिने चांदीच्या मुठीची आरी पूजेच्या पाटावर ठेवली, आपली लाकडी मुठीची कमरेला खोचली, उस्तादाच्या पाया पडली आणि निघाली. गोंदाजी वेशीपर्यंत तिचे गाठोडे घेऊन आला. उस्ताद नाही आला. येईल परत सुगीपर्यंत, असे तो सगळ्यांना सांगत होता. जाईल कुठे? दुसरे येते काय तिला?

घाटापलीकडे लिंबाजी पडवीत कातडे घासत होता. हौसेपुढे तो लेकरासारखाच होता. त्याने तिला पाणी दिले आणि विचारले, "मावशी, तुम्हाला काय येतं?"

"तळ शिवता येतो."

त्याने दोन तुकडे पुढे केले. हौसेने शिवून दाखवले. लिंबाजीने तो जोड उजेडात धरला, वाकवला, पाण्यात बुडवला आणि पुन्हा उजेडात धरला.

"मग मावशी, इथं काय शिकायला आलात?"

"उरलेलं," हौसा म्हणाली.

लिंबाजीने तिला ठेवून घेतले. पण ऐकायला गोड वाटते तसे पुढे काही घडले नाही. काप शिकायला हात कोवळा लागतो. हौसेचा हात एकाच कामात घट्ट झाला होता. बोटे आरीच्या मुठीभोवती वळलेली ती सरळ होईनात. चांगल्या कातड्यातून ती जोड्याचा आकार काढायला जाई आणि वळणावर पाते निसटून भलतीकडे जाई. तिच्या शेजारी बसलेली पोरे तोंडावर हात धरून हसत. कारखान्यात ती जोडा ठेवून उठली की चार माणसे तो बघायला येत. इथे तिने कापलेला तुकडा उचलायलाही कुणी धजत नसे, न जाणो हातातच त्याचे दोन तुकडे व्हायचे.

एकदा तिने एक अख्खे मऊ कातडे फुकट घालवले. दिवस कलत होता. ती तशीच उठली आणि गाठोडे बांधू लागली. तिकडे आपण पहिल्या होतो, इथे शेवटच्या. कशासाठी हा हट्ट? आता उरलीत किती वर्षे?

लिंबाजीने ते पाहिले. तो तिला थांब म्हणाला नाही. आतून एक जाड, काळे कातडे आणून त्याने तिच्या पाटावर टाकले.

"मावशी, हे म्हशीचं आहे. बरंच चिवट. हे वाया घालवायला तुम्हाला निदान आठवडाभर लागेल."

हौसेला रडू फुटायचे ते हसू फुटले. तिने गाठोडे भिंतीशी सरकवले आणि पाटावर बसली.

पुढच्या सुगीनंतर कधी तरी तिने पहिला पूर्ण जोडा केला. मोळ्या विकणारी एक बाई होती. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा रुंद होता. तिला कुठलाच जोडा बसत नसे. हौसेने तिचा पाय मांडीवर घेतला, दोऱ्याने मापला, लाकडाचा फर्मा घासून त्या पायाच्या आकाराचा केला, त्यावर कातडे चढवले, कापले आणि शिवले. जोडा काही सुंदर नव्हता. डावी टाच जरा कललेली होती. बाईने तो घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, "बसतोय," म्हणाली, मोळी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. ती वळणाआड जाईपर्यंत हौसा बघत राहिली. मान दुखतच होती. अंगठाही फुटलेला होता. पण त्या दिवशी तिला जेवताजेवताच झोप आली.

आता इकडे कारखान्यात काय झाले ते ऐका.

हौसा परत येत नाही असे दिसल्यावर तिच्या जागेवर कुणाला तरी बसवणे भाग होते. पण बसवायचे कुणाला? जे शिवणीत थोडे बरे होते ते हौसा आहेच म्हणून कधीच पुढे गेले होते. उरले ते नवखे. त्यांना शिकवायला कुणी नव्हते. कसेबसे टाके घालून जोडे बाहेर पडू लागले. वरून पाहिले तर फरक दिसत नव्हता. काप गोंदाजीच्या हाताखालचा, सुबक. पण पावसाळा आला आणि तळ पाणी पिऊ लागले.

त्याच पावसाळ्यात डोंगरातल्या मोठ्या तळ्याचा बांध चिरला. खालच्या गावांना सांगायला सिदूला पाठवले. तो नेहमीसारखा सुटला. अर्धा घाट उतरला आणि त्याच्या एका जोड्याचा तळ टाचेपासून उसवून लोंबू लागला. त्याने तो फेकून दिला. थोड्या अंतरावर दुसराही गेला. त्या धारदार दगडांवरून तो अनवाणी धावला, मग चालला, मग हातांनी झुडपे धरत घसरत गेला. तो पोचायच्या आधी पाणी पोचले होते. माणसे वरच्या वस्तीचा ओरडा ऐकून टेकडीवर पळाली होती म्हणून वाचली. पण दावणीला बांधलेली गुरे बुडाली आणि उभी पिके वाहून गेली. सिदूचा पाय चिघळला. तो पुन्हा कधी धावू शकला नाही.

राजाने उस्तादाला बोलावले. उसवलेला जोडा त्याच्यापुढे ठेवला आणि एवढेच म्हणाला, "येत्या दसऱ्यापर्यंत तळ शिवणारं माणूस उभं कर. नाही तर कारखाना बंद."

उस्ताद दुसऱ्याच दिवशी घाटाच्या वाटेला लागला. बरोबर कुणाला घेतले नाही. आता तो पुरता म्हातारा झाला होता. घाटमाथ्यावर त्याच्या स्वतःच्या जोड्याचा तळ सुटला. जोडा त्याच्याच कारखान्यातला होता. उतरताना तो एका पायाने लंगडत होता आणि प्रत्येक पावलाला त्याला सिदू आठवत होता.

लिंबाजीच्या पडवीत हौसा कापत बसली होती. उस्तादाला पाहून ती उठली. तिने पाण्याचा तांब्या आणला आणि त्याचा पाय धुतला. मग त्याने सगळे सांगितले. सिदूचे ऐकल्यावर हौसेने पदर तोंडाला लावला आणि ती बराच वेळ रडली.

"मी असते तर त्याचा जोडा उसवला नसता," ती म्हणाली.

"नसताच. म्हणून तर न्यायला आलोय," उस्ताद म्हणाला. "चल, हौसा. तुला मापावर बसवतो. गोंदाजीच्या बरोबरीनं. सगळ्यांसमोर शब्द देतो."

हौसेने डोळे पुसले. त्या शब्दासाठी तिने उमेदीची सगळी वर्षे घालवली होती. आता तो समोर ठेवल्यावर तिला जाणवले, की हात पुढे करायचीही ताकद आपल्यात नाही.

"मी आले की पहिल्या दिवशी तुम्ही मला मापावर बसवाल," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तळाचा ढीग दिसेल. तुम्ही म्हणाल, हौसा, एवढा होऊ दे. आणि मी नाही म्हणू शकणार नाही. सिदूसारखं कुणाचं होऊ नये म्हणून शिवत बसेन. मरेपर्यंत. खोटं आहे का, उस्ताद?"

खोटे नव्हते.

हौसेने एक जाड कातडे ओढले, उस्तादाचा पाय त्यावर ठेवून भोवती रेघ मारली आणि रापीने तळ कापला. कड जरा वाकडी आली. तो तळ, त्याच्या सुटलेल्या जोड्याचा वरचा भाग, मेणाचा दोरा आणि आपली आरी तिने त्याच्यापुढे ठेवली.

"शिवा."

"मी?"

"मला तुम्हीच शिकवलंत."

उस्तादाने आरी हातात घेतली. त्याने शिवण सोडून इतकी वर्षे झाली होती, की बोटांना वाट सापडेना. भोक आडवे पडले, दोऱ्याला पीळ पडला. पोरे हसली, तसे लिंबाजीने त्यांच्यावर डोळे वटारले. हौसा शेजारी बसून सांगत राहिली. "झटका नको. श्वास सोडा, तसा ओढा. हां. आता दुसरं टोक." उस्तादाच्या कपाळावर घाम आला. पाठ भरून आली. डोळ्यांना पाणी आले, ते कशाचे कुणास ठाऊक. ऊन अंगणातून निघून भिंतीवर चढले तेव्हा कुठे तळ शिवून झाला. वाकड्या कडेचा, वेड्यावाकड्या टाक्यांचा.

उस्तादाने आरी खाली ठेवली आणि दुखरी बोटे दुसऱ्या हाताने चोळत म्हणाला, "खरं सांगू, हौसा? मला कळत होतं. दर दसऱ्याला कळत होतं. पण तुला उठवलं असतं तर कुणाला तरी पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं. वर्ष-दोन वर्षं वाईट जोडे सोसावे लागले असते. मी थकलो होतो गं. तू होतीस म्हणून मला बसता येत होतं."

"माहीत आहे," हौसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पोरं पाठवा माझ्याकडं. पावसाळ्यात इथं काम कमी असतं. मी शिवण शिकवीन. पण ज्याला ती आली, त्याच्या हातात पुढच्याच दसऱ्याला रापी द्यायची. देणार असाल तरच पाठवा."

"देईन," उस्ताद म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश घाट चढू लागला.

हौसेने आपला शब्द पाळला आणि उस्तादाने आपला. पण तळ शिवणारे हात एका दसऱ्यापर्यंत तयार होत नाहीत. राजाने मुदत वाढवली नाही. पोरे शिकताहेत हे पाहून त्याने निम्माच कारखाना बंद केला, तरी तिथले हौद आटले, किती तरी कारागीर दुसऱ्या राज्यात गेले. उरलेल्या निम्म्यात उस्ताद स्वतः शिवणीच्या चटईवर पोरांमध्ये बसू लागला आणि मरेपर्यंत तिथेच बसला. त्याने शिकवलेली पोरे पुढे बरी निघाली. हौसेकडे जाऊन आलेली आणखी बरी निघाली. पण नदी ओलांडून आत कोरडा राहील असा टाका त्या राज्यात पुन्हा कुणाच्या हातून पडला नाही.

हौसा घाटापलीकडेच राहिली. ती माप घ्यायची, कापायची, शिवायची. तिचा काप शेवटपर्यंत बेताचाच राहिला. फार उशिरा सुरुवात केली होती तिने. वेळेवर रापी हातात आली असती तर काय झाले असते, हे तिला कळले नाही आणि आपल्यालाही कळणार नाही. आसपासची माणसे तिच्याकडून जोडे करून घेत, घालून बघत, चालू लागत. संध्याकाळी ती पडवीत पाय पसरून, खांबाला टेकून बसे आणि समोरच्या वाटेवरून जाणाऱ्यांचे पाय बघत राही.

तात्पर्य: चांगले काम करणाऱ्या माणसाला आपल्या सोयीसाठी त्याच कामाला जखडून ठेवणारा शेवटी ते कामही गमावतो आणि ते माणूसही.